एक जूनची माणसं

याह्या सरांच्या क्लासमध्ये प्रोग्राम चुकला तर जगात कुणाचं काही बिघडत नसे. पडद्यावर लाल अक्षरं उमटायची, सर खुर्चीतूनच म्हणायचे, "चुकलं? पुसा आणि परत लिहा," की औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानावरच्या त्या खोलीत वीस पोरंपोरी माना खाली घालून परत लिहायला लागायची. पुसणं फुकट होतं, लिहिणंही फुकट होतं. रत्नमाला गडदे तिथं आठ महिने होती, आणि आयुष्यात इतकं बिनघोर ती पुन्हा कधी चुकली नाही.

सरांना उदाहरणांची हौस. एकदा त्यांनी टेबलावर कापडी पिशवी ठेवली नि म्हणाले, समजा ही पिशवी अशी आहे की एक वस्तू हिच्यात एकदाच जाते. तीच दुसऱ्यांदा टाकायला गेलात तर पिशवी तोंड उघडत नाही. शंभर नावं टाका, त्यात वीस दुबार असतील तर आत ऐंशीच सापडतील. सगळ्या क्लासात ही पिशवी रत्नमालेलाच जास्त आवडली. सरांच्या सरावाच्या यादीत पुण्याचा कुणी होता, नाशिकची कुणी होती, आणि प्रत्येकाला आपापला वेगळा वाढदिवस होता. तिच्या गावात ही चैन कुणाला परवडलेली नव्हती, पण ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

शेंद्र्याच्या पलीकडं तिचं गाव. तिथं चाळिशीच्या आसपासचं जे कुणी आहे ते एक जूनला जन्मलेलं आहे. शाळा उघडायच्या वेळी गुरुजी वस्त्यावस्त्यांवरून पोरं गोळा करून आणायचे आणि भिंतीकडेला ओळीनं बसवायचे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग रजिस्टरात सहा वर्षं मागं जाऊन तारीख पडायची, एक जून. तिचे आबा बिभीषण गडदे एक जूनचे, तिची आई एक जूनची, शेजारचे तिघे भाऊ एक जूनचे आणि त्यातले दोघे एकाच सालचे. त्या माउलीनं ते कसं जमवलं ते तिलाच ठाऊक. दर वर्षी त्या दिवशी कुणीतरी आबांना म्हणायचं, "बिभीषण, आज गावाचा वाढदिवस हाय, पेढे कोण देणार?" आणि आबा म्हणायचे, "गुरुजी."

आबांची मेंढरं होती. आता तीसच उरली होती, आणि उरलेला दिवस ते शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर माल चढवायला जात. पण रत्नमालेनं लहानपणी पाहिलं होतं, दोनशे मेंढरांतून एखादं दुसऱ्याच्या कळपात गेलं तर आबा तिथं जाऊन त्याचं तोंड बघून ओढून आणायचे. तिला सगळी सारखी दिसायची. आबा म्हणायचे, "बघणाऱ्याला सारखी दिसत्यात. पाळणाऱ्याला नाय."

क्लासनंतर तीन महिन्यांनी तिला जालना रोडवरच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिसरा मजला, चाळीस माणसं, काचेचं दार. कंपनी कारखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर्स बनवायची: कोण कामावर आला, कोणत्या यंत्रावर गेला, कोणता माल कुठं पडलाय. गावातून संगणकाच्या नोकरीला लागलेली ही पहिलीच पोरगी. आईनं दृष्ट काढली, आबांनी नवी चप्पल घेतली, स्वतःला.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, आता काहीतरी लिहायला देतील. दिलं ते वाचायला. तिच्या शेजारी बसणारी आमरीन तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, रोशन गेटची, कंपनीत सगळ्यांत जुनी. तिनं पडद्यावर एक फाईल उघडली, ती खाली खाली नेत राहिली, आणि ती संपेचना.

"आधी तीन महिने हेच वाचायचं," आमरीन म्हणाली. "तुझ्या आधी सात जणांनी लिहिलंय. पाच सोडून गेले. कायकू लिहिलं ते विचारायला आता ते भेटत नाहीत. म्हणून समजल्याशिवाय एक ओळ काढायची नाही."

क्लासमधला प्रोग्राम पन्नास ओळींचा असायचा, सुरू केला की संपायचा. इथला सहा वर्षं झाली तरी संपलेला नव्हता. तो अकरा कारखान्यांत एकाच वेळी चालू होता, आणि तो चालू असतानाच त्याचे भाग बदलायचे होते. आणखी एक गोष्ट तिला नवी होती. कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की ती कुणी आणि कोणत्या दिवशी लिहिली ते कडेला दिसायचं. सोडून गेलेले पाचही जण तिथं नावानिशी हजर होते. तिला तेव्हा त्याचा हेवा वाटला. आपलंही नाव असं कडेला कधी लागेल, असं तिच्या मनात यायचं.

चौथ्या महिन्यात लागलं. शेंद्र्याला गाड्यांचे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्याच्याकडं चार ठेकेदारांचे कामगार, चौघांच्या चार याद्या. त्या एकत्र करून नव्या प्रणालीत घालायच्या होत्या. आज या ठेकेदाराकडं असलेला माणूस परवा दुसऱ्याकडं जायचा आणि जुन्या यादीतलं त्याचं नाव तसंच राहायचं, म्हणून एकेक माणूस दोन दोन ठिकाणी पडला होता. एकूण नोंदी सहा हजार एकशे चाळीस. दुबार शोधून एक करायच्या, असं काम होतं. आणि कंपनीचे मालक अतुल सर मीटिंगमध्ये म्हणाले, "हे रत्नमाला करेल."

पिशवीची आठवण व्हायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. चाळीस ओळी. नाव जुळलं, जन्मतारीख जुळली, की माणूस एक. दोन नोंदींत फरक असेल तर जिच्यावरची तारीख नवी, तिचं खरं धरायचं. तिनं मनानं रचलेल्या दोनशे नावांवर ते चालवून पाहिलं. एकही चूक निघाली नाही.

कुणाचंही काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा तिथला नियम. आमरीननं तपासायला घेतलं. त्या दिवशी तिच्यासमोर आणखी दहा जणांची कामं होती.

"नाव आणि जन्मतारीख, बस?" ती म्हणाली. "बापाचं नाव?"

"निम्म्या याद्यांत नुसतं पहिलं अक्षर आहे, दीदी. के., बी., एस., असं."

"आधार?"

"दोनच ठेकेदारांकडं."

आमरीन थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली. मागून अतुल सर म्हणाले की सोमवारी चालू करायचंय, कारखान्याचे लोक डोक्यावर बसलेत. आमरीननं मान हलवली आणि मान्यतेची खूण केली. ती शहरात, दवाखान्यात जन्मलेली. तिच्या दाखल्यावर जन्माची वेळसुद्धा होती. तिला एक जून माहीत असायचं काही कारण नव्हतं. रत्नमालेला होतं. काखेत कळसा असूनही ती गावाला वळसा घालत राहिली, आणि हे तिला नंतर कितीही वेळा आठवलं तरी त्याचं उत्तर सापडलं नाही. घरचं सगळं ती काचेच्या दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवत होती, एवढंच तिला म्हणता आलं.

सोमवारी सहा हजार एकशे चाळीसचे पाच हजार आठशे एकाहत्तर झाले. दोनशे एकोणसत्तर दुबार गेले. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या, अतुल सरांनी इमरती मागवली. त्या यादीवरून कारखान्यानं सगळ्यांना नवी ओळखपत्रं छापून दिली. कार्डाच्या कडेला पट्टी असायची. हिरवी म्हणजे माणूस कुठल्याही कामाला चालतो. पिवळी म्हणजे त्याला उंचीवर चढवायचं नाही.

दीड महिन्यानं कारखान्याकडून एक तक्रार आली. खाली कारखान्याच्या सुरक्षा विभागातल्या साहेबराव नावाच्या अधिकाऱ्याचं नाव होतं. मजकूर मोजका होता: सूर्यभान के. शिंगाडे, जन्म एक जून एकोणीसशे शहाऐंशी, या नावाच्या दोन व्यक्तींच्या नोंदी एकत्र झाल्याचा संशय आहे. तपासून नोंदी वेगळ्या कराव्यात. दुरुस्ती मूळ तारखांसह व्हावी.

रत्नमालेनं जुन्या याद्या काढल्या. खरंच दोन होते. तिनं जेवणाच्या सुट्टीत आबांना फोन लावला, कारण शिंगाड्यांची वस्ती त्यांच्या गावाला लागूनच.

"सूर्यभान शिंगाडे दोन आहेत का, आबा?"

"व्हय. एक कचरूचा, एक किसनचा. गुरुजींनी एकाच दिवशी बशिवलेले." आबा चालता चालता बोलत होते, मागं मेंढरांचा आवाज येत होता. "किसनचा वाळूजला गेला मागच्या साली. कचरूच्याला मिरगी हाय, झटके येत्यात. का गं?"

"काही नाही, काम होतं."

आबा आणखी काहीतरी सांगायला लागले होते, पण तिनं फोन ठेवला होता. घाई होती. चूक आता लख्ख दिसत होती. किसनचा सूर्यभान उंचीवरच्या कामाचं शिकलेला, तपासणीत पास झालेला, आणि त्याची नोंद नवी. कचरूच्या सूर्यभानवर तीन वर्षांपूर्वी डॉक्टरनं शेरा मारलेला, उंचीवर नको. ती नोंद जुनी. तिच्या चाळीस ओळींनी नव्याचं खरं धरलं होतं आणि डॉक्टरचा शेरा गिळला होता. शेजारच्या चार वस्त्यांवरच्या शेंबड्या पोरालाही जे माहीत होतं ते तेवढं संगणकाला माहीत नव्हतं.

तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस जे करतो ते तिनं केलं, लवकर आवरलं. दोघांना वेगळं केलं. कचरूच्या सूर्यभानला त्याचा शेरा परत दिला, तीन वर्षांपूर्वीच्या त्याच्या मूळ तारखेसह, तक्रारीत म्हटलं होतं तसा. आता नोंद बघणाऱ्याला तो शेरा कधी पुसला गेला होता हे कळलंही नसतं, इतकी ती सफाईनं बसली होती. तक्रार दोन तासांत मिटली. अतुल सर जाता जाता म्हणाले, "शाबास." त्या रात्री ती नीट झोपली.

रविवारी ती गावी गेली. आबा अंगणात कोकराच्या पायाला हळद लावत बसले होते. ते म्हणाले, "त्या दिशी तू फोन ठिवला. कचरूचा सूर्यभान पडला कारखान्यात. बावीस फुटावून. घाटी दवाखान्यात हाय पंधरा दिवस. कमरेखाली काय समजंना त्याला."

रत्नमालेनं मनात दिवस मोजले.

"आता कारखान्यावाले म्हणत्यात, याला चढायची मनाई हाय, कम्प्युटरात तीन वर्षांपासून लिव्हलेलं हाय, ह्यो आपल्या मनानं चढला. त्यो म्हणतो, माझं कार्ड हिरवं व्हतं, मुकादमानं बघून चढिवलं. कार्ड तर तपासाला म्हून घेतलं, ते काय परत दिलं नाय." आबांनी कोकरू सोडलं. "माणूस लबाड नाय गं त्यो. पर लोक म्हणत्यात, कम्प्युटर कशाला खोटं बोलंल?"

तक्रार आली त्याच्या अकरा दिवस आधी माणूस पडला होता. साहेबरावांनी तक्रारीत अपघाताचा अ सुद्धा लिहिला नव्हता, फक्त मूळ तारखा मागितल्या होत्या. आणि तिनं त्या नेटक्या लावून दिल्या होत्या. पहिल्या चुकीनं त्या माणसाची कंबर मोडली. दुसऱ्या खेपेला तिनं चूक दुरुस्त केली, आणि त्यानं तो खोटारडा ठरला.

सोमवारी तिनं आमरीनला सगळं सांगितलं. आमरीननं डबा उघडला होता, तो तिनं परत लावला. मग म्हणाली, "तू पुसलंस."

"चुकीचं होतं म्हणून, दीदी."

"क्लासमध्ये पुसायचं असतं. इथं नक्को. तुझ्या गावचा तलाठी सातबाऱ्यावरचं जुनं नाव पुसतो का? कंस करतो. खालचं वाचता आलं पाहिजे. आज चूक सापडली, आज दुरुस्त केली, तोपर्यंत असं असं चुकीचं दिसत होतं, हे सगळं राहिलं पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर?" तिनं डबा बाजूला सारला. "हे मी तुला शिकवलं नाही. तीन महिने वाचायला लावलं आणि हेच शिकवलं नाही."

दुपारभर दोघींनी बसून दोनशे एकोणसत्तर नावं एकेक करून तपासली. त्यातली एकेचाळीस खरोखर वेगळी माणसं होती. एकेचाळीसही जण एक जूनचे. बाकी चाळिसांचं नशीब बलवत्तर, त्यांच्यापैकी कुणाला कुणी शिडीवर चढवलं नव्हतं.

पुराव्याच्या दोन गोष्टी अजून शिल्लक होत्या. तिच्या चाळीस ओळी आणि नंतरची दुरुस्ती, दोन्हींच्या कडेला तिचं नाव आणि तारीख होती. ज्याचा तिला हेवा वाटायचा ते नाव. आणि कारखान्याच्या नोंदींची रोजची एक प्रत कंपनी बाजूला काढून ठेवायची, ती वीस दिवस राहायची. अपघाताच्या दिवशीची प्रत येत्या शुक्रवारी आपोआप जाणार होती. त्या प्रतीत सूर्यभान शिंगाडे हिरवा होता.

अतुल सरांनी दोघींना काचेच्या खोलीत बसवून शांतपणे ऐकून घेतलं. ते काही वाईट माणूस नव्हते. मुंबईची नोकरी सोडून त्यांनी इथं चार खोल्यांत हे सुरू केलं होतं, आणि शेंद्र्याचा कारखाना म्हणजे निम्मी कंपनी.

"यादी त्यांनी तपासून सही केलेली आहे," ते म्हणाले. "करारात आहे ते. नोंदी त्यांच्या मालकीच्या. आपण बाहेर द्यायच्या नाहीत, तेही करारात आहे. या मजल्यावर चाळीस घरं चालतात, रत्नमाला. तू एका माणसाचा विचार करतीयेस."

"तो खोटं बोलत नाही, सर."

"मला माहीत आहे," अतुल सर म्हणाले, आणि त्यांनी खाली बघितलं. "पण ते मी म्हणू शकत नाही."

उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्यांचं असंच असतं. शेळी मेली तर खाली उतरायला वेळ नसतो. पण रत्नमालेच्या घरी उंट कधीच नव्हता. मंगळवार गेला, बुधवार गेला. तिनं पाच महिन्यांत आईला मिक्सर घेतला होता, भावाला कॉलेजला घातलं होतं. गावातल्या दोन पोरी तिच्याकडं बघून याह्या सरांच्या क्लासला लागल्या होत्या. रोज सकाळी ती ठरवून निघायची आणि रोज संध्याकाळी न बोलता घरी यायची. तिला भीती वाटत होती.

गुरुवारी सकाळी आमरीननं तिच्यासमोर पाकीट ठेवलं. आत अपघाताच्या दिवशीच्या प्रतीतून काढलेलं पान होतं, हिरव्या पट्टीसकट.

"तुला तिथपर्यंत जायची परवानगी नाही. मला आहे," ती म्हणाली. "जबाब लिहिशील त्यात माझंबी नाव टाक. तपासलं म्हणून माझी खूण आहे त्याच्यावर. हौ, टाकच."

चौकशीला आलेले सरकारी अधिकारी त्या दिवशी कारखान्यातच बसले होते. रत्नमाला रिक्षानं शेंद्र्याला गेली आणि दोन पानी जबाब लिहून दिला: कार्ड हिरवं होतं. ते माझ्या प्रोग्राममुळं हिरवं झालं. नंतर ते पिवळं मी केलं. कामगार खरं बोलतो आहे. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, पाकिटातलं पान बघितलं, पोच दिली आणि म्हणाले की लेखी आल्यावर आता हे डावलता येणार नाही. चारच्या सुमाराला अतुल सरांचा फोन आला. उद्यापासून दोघींनीही यायचं नाही, एवढंच ते बोलले.

तिला वाटलं होतं, फोन आल्यावर आपण कोसळू. उलट तिला हलकं वाटलं. एक तरी गोष्ट सरळ झाली होती. हे त्या माणसाला आजच सांगावं, म्हणून ती तशीच घाटीत गेली.

सूर्यभान शिंगाडे खिडकीजवळच्या खाटेवर होता. चेहरा रापलेला, दाढी वाढलेली, पाय चादरीखाली कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. उशाशी त्याची बायको सुगंधाबाई मोसंबी सोलत होती. बिभीषण गडद्यांची पोरगी म्हटल्यावर तिनं लगेच स्टूल पुढं केलं.

"तुझ्या आबाला सांग, लोक काय बी म्हणत्यात," सूर्यभान म्हणाला. "म्या लबाडी नाय केली."

"कार्ड आलं त्या दिशी माझ्या हातात दिलं यांनी," सुगंधाबाई म्हणाली. "हिरवं गार. धा वर्सं पिवळ्या माणसासारखं जगलो आम्ही. वर चढू नको, हिरीवर जाऊ नको, गाडी चालवू नको. कार्डाच्या आधी डोळे नि रगत तपासायला गाडी आली व्हती ना, त्याच्यातच निघालं आसंल, म्हणलं. कम्प्युटरवर हिरवं आलं म्हंजे बरं झालं. खंडोबाला इथल्या साताऱ्याला जाऊन भंडारा उधळला. गोळ्यांची पाकिटं म्याच नालीत टाकली. लई झोप यायची त्यांना गोळ्यांनी."

रत्नमालेच्या हातात मोसंबीची फोड होती. ती तिनं तशीच धरून ठेवली.

"आन् पडलात कसे, काका?"

"पाय घसरला आसंल. ध्यानात नाय काय. वर गेलो, तिथून आपलं गाव दिसतं का बघितलं, आन् मंग इथंच." तो थोडं हसला. "कारखान्यावाले म्हणत्यात, मिरगी आली. आता कुठली मिरगी? डॉक्टरलाबी आम्ही सांगितलं, आधीपासनं मिरगीबिरगी काय नाय मला."

परत फिरावं, असं तिला एकदा वाटलं. सांगायला आली होती ते सुखाचं वाटून आली होती. पण अर्धवट सांगून ठेवणं म्हणजे पुन्हा तेच पुसणं, आणि पुसण्याचं आता तिच्यात त्राण नव्हतं.

"काका, कार्ड हिरवंच होतं," ती म्हणाली. "मी आज लिहून देऊन आले. ते माझ्यामुळं हिरवं झालं होतं. तुमच्यात नि किसनच्या सूर्यभानमध्ये माझ्या प्रोग्रामनं घोळ केला. नाव एक, जन्मतारीख एक. त्याचं तुम्हाला लागलं. माझी चूक आहे."

सूर्यभानला पहिला निम्माच भाग ऐकू आला. त्यानं मान वळवून बायकोकडं बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ऐकलं का? हिरवंच व्हतं. सांग समद्यांना. हिरवंच व्हतं म्हणावं." त्यानं रत्नमालेचा हात धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला. मग हळूहळू बाकीचं त्याच्यापर्यंत पोचलं. हाताची पकड सैल झाली.

"किसनच्याचं मला लागलं," तो म्हणाला.

"हो."

"मंग म्या बरा झालोच नव्हतो?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. एवढ्या एका प्रश्नाला तिनं एकदा चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि दुसऱ्यांदा ते चुकलेलं पुसून टाकलं होतं.

"नाही, काका. झाला नव्हतात."

सुगंधाबाईनं हातातली मोसंबी ताटलीत ठेवली, पदराला बोटं पुसली आणि उठून उभी राहिली. रत्नमालेकडं तिनं बघितलं नाही.

"कुठं चालली?" सूर्यभाननं विचारलं.

"डॉक्टरला सांगते," ती म्हणाली, "मिरगीच्या गोळ्या परत चालू करा म्हून."